देवीला स्पिरिट चालत नाही

अप्पा,

काल दुपारच्या टपालानं पुण्याहून पुडकं आलं. आत तिच्या प्रबंधाची टाइप केलेली एकशे बारा पानं, एक रंगीत फोटो, माझ्या गुडघ्याला बांधायची लोकरीची पट्टी आणि तुमच्या नातीचं चार ओळींचं पत्र. रजिस्टर टपालाला तिनं सात रुपये वीस पैसे घातले. एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ दिलं असतं तर फुकट आलं असतं, पण घाईच्या बाबतीत ती तुमच्यावर गेलीय. वर ठसठशीत ‘जिल्हा लातूर’ लिहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा आपण उस्मानाबादेत मोडत होतो. आता आपला जिल्हा वेगळा होऊन पाचसहा वर्षं झाली, कलेक्टर इथंच बसतो, तरी माझ्या हातून अजून जुनाच जिल्हा लिहिला जातो आणि खोडावा लागतो. पत्रात ती म्हणते, आई, पुस्तक सोमवारी बांधायला टाकायचं आहे, पहिलं पान तेवढं वाच आणि काही चुकलं असेल तर लगेच सांग. बाकी सगळी पानं इंग्रजीत आहेत, ती मला मॅट्रिकच्या इंग्रजीवर काय वाचता येणार! पण पहिलं पान तिनं मराठीत लिहिलंय. ‘माझ्या आजोबांना. त्यांनी तीस वर्षं गावोगाव लस टोचून देवी काढल्या. शेवटी त्यांचा हात गेला. तिथून पुढं हे माझं काम.’ अप्पा, तिसरं वाक्य वाचलं आणि मी पान पालथं ठेवलं. ते वाक्य तिला मीच दिलेलं आहे. लहानपणी ती विचारायची, आजोबांनी देवी काढायचं का सोडलं, तेव्हा मी तुमचेच शब्द तिला सांगायची, हात गेला त्यांचा म्हणून.

तिचं काम काय ते आधी सांगते, म्हणजे मी तुम्हाला आज का लिहायला बसले ते कळेल. दिवाळीनंतर आठ दिवस मी तिच्याकडं पुण्याला राहून आले. एक दिवस तिनं मला प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या चपट्या बाटल्या, आत गुलाबी पाणी. म्हणाली, "ये अशी जवळ. या बाटलीच्या तळाला माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी चिकटलेल्या आहेत." मी दोन पावलं मागंच सरले. "अगं, मारुतीरायाचं लेकरू मारलंस का काय?" तर हसायला लागली. "माकड मरून किती वर्षं झाली, आई. या त्याच्या पेशींच्या पेशींच्या पेशी. वेळेवर खायला घातलं, उबेत ठेवलं, की बाटलीतच वाढत राहतात." मी म्हटलं, "म्हणजे खापरपणतू." "हां, खापरपणतू. आणि आहेत पण अशा सोवळ्यातल्या की मला हात धुतल्याशिवाय शिवू देत नाहीत." त्या पेशींची दुधावरच्या सायीसारखी पातळ चादर झाली की तिच्यावर ती लशीतला विषाणू घालते. तुमच्या कुपीतला तोच हो. माणसं मारणाऱ्या मोठ्या देवीचा नव्हे, तर दंडावर एक फोड आणून मोठीला दारातूनच परत लावणारा तो. दोन दिवसांनी ती बाटलीत जांभळा रंग ओतते. जिथं विषाणू वाढला तिथल्या पेशी मेलेल्या असतात, तिथं रंग धरत नाही. धिरड्याला जाळी पडते तशी भोकं दिसतात. आणि दुसऱ्या बाटलीत, जिच्या पाण्यात तिनं औषध घातलेलं असतं, तिच्यात एक भोक नाही. सलग जांभळं, नव्या इरकलीसारखं. फोटो त्याचाच पाठवलाय, दोन्ही शेजारी शेजारी.

औषध म्हणजे क्षयाच्या रोग्याला ती लाल कॅप्सूल देतात ना, तेच. मी विचारलं, यानं विषाणू मरतो होय? म्हणाली, नाही, तीच तर गंमत आहे. तो पेशीत शिरतो, त्याचा पसारा तयार होतो, पण भोवतीचं वेष्टन पुरं होत नाही. घर बांधायला काढावं, दगड-माती-लाकूड सगळं दारात येऊन पडावं, आणि भिंत काही उभी राहू नये, तसं. आणि त्या पेशींवरचं औषध धुऊन काढलं की थोड्याच वेळात भिंती उभ्या राहायला लागतात, जिथं अडलं होतं तिथून पुढं. "तो थांबलेला असतो, आई. मेलेला नसतो. किती उशिरा औषध घातलं तर थांबत नाही, धुतल्यावर किती वेळात पुन्हा उठतो, हे मोजत मी तीन वर्षं काढली." मला ते ऐकताना तुम्हीच समोर बोलताय असं वाटत होतं, हातवारे सुद्धा तुमचेच. आणि मी आपलं सहज विचारलं, "अन् मारूनच टाकायचा असला तर?" ती म्हणाली, "त्याला कशाला औषध लागतंय? स्पिरिटचा बोळा फिरवला की संपलं. रोज मी टेबल त्यानंच पुसते. म्हणून तर देवी काढताना दंडाला स्पिरिट लावायचं नसतं. लावलं आणि वाळायच्या आत टोचलं तर लस तिथंच मेली. आजोबांना माहीत असणार की."

"माहीत होतं," मी म्हणाले, आणि इथं चहा मिळतो का म्हणून विचारलं.

तुम्हाला माहीत होतंच. उदगीरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत मी दुसरं काय ऐकत मोठी झाले? स्टेशनवर बर्फ आला की तुम्ही तो भुशात गुंडाळून, वर पोतं टाकून, सायकलला बांधून आणायचे. अव्वा चुलीपासून लांब, देवळीतल्या देवांशेजारी लशीच्या थर्मासला जागा करून द्यायची. तुम्ही म्हणायचे, अगं देवांत कशाला ठेवतीस, औषध हाय ते. ती म्हणायची, "देवी म्हणता ना? मग देवीला काय मोरीत ठेवू?" आणि त्या थर्मासला हळद-कुंकू लावायची. सरकारी थर्मास, वर कुंकवाचं बोट, तसाच घेऊन तुम्ही फिरतीवर. साहेबानं विचारलं तर म्हणायचे, गावात यानं काम सोपं होतं. खरंच व्हायचं. तुम्ही आलात म्हटलं की बाया लेकरं कणगीमागं लपवायच्या, पण कुंकू बघितलं की एखादी म्हातारी पुढं होऊन नमस्कार करायची आणि मग एकेक दंड बाहेर निघायचा. मी आठ वर्षांची असेन, उन्हाळ्याचे दिवस, आणि मी थर्मास उघडून बर्फाचा खडा तोंडात टाकला. तुम्ही बघितलं. मारलं नाहीत. उरलेला सगळा बर्फ माझ्या ओंजळीत ओतलात आणि शांतपणे म्हणालात, "घे, खा. अन् आता निलंग्याच्या रस्त्यावरच्या चार गावांना तूच जाऊन सांग, आज देवी येणार न्हाई म्हणून." बर्फ माझ्या हातात पाणी होऊन कोपरावरून गळत राहिला, मी नाही खाल्ला. पुढं मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही शाईचा पेन आणून दिलात आणि म्हणालात, "अक्का, अक्षर तुझं माझ्यापेक्षा चांगलं हाय. माझं रजिस्टर तू लिहीत जा." घराण्यात पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, पण त्या पेनापेक्षा त्या वाक्याचा मला गर्व जास्त झाला.

बहात्तरच्या दुष्काळात लातूरची आमची विहीर आटली आणि मी लेकीला घेऊन तुमच्याकडं आले. तुमच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. पाझर तलावाचं काम निघालं होतं, तीनचार गावचे लोक तिथंच पालं टाकून राहिलेले, आणि पलीकडच्या कामावर कुणाला तरी देवी आल्याची आवई उठली. लेकरांना टोचायचा वरून हुकूम आला. तुमचा शिपाई तापानं पडलेला, म्हणून मी रजिस्टर लिहायला आणि दंड पुसायला बरोबर आले. लेकरं नुसती मुरमाच्या धुळीनं माखलेली, डोळे तेवढे काय ते उघडे. मुकादमानं आपल्याला टँकरमधलं एक तांब्या पाणी दिलं, तेही कुरकुरत. तुम्ही मला बजावून सांगितलंत, "अक्का, दंड पाण्यानं पूस. स्पिरिट फक्त सुईच्या दिव्याला. आपली देवी लिंगायत हाय, तिला दारू चालत न्हाई." रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. मी पुसायची, तुम्ही टोचायचे, टोच टोच टोच, पंधरा. मग मी नाव लिहायची, बापाचं नाव, गाव.

रजिस्टरचं पहिलं पान भरलं तेव्हा तांब्या अर्धा झाला होता. पाटी डोक्यावरून उतरवून एक बाई रांगेत आली, कडेवर पोर. माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "आम्हाला प्यायला घोट न्हाई अन् बाई दंड धुवायलीय. लेकराचं लगीन हाय का आज?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही पाठमोरे, दिव्यावर सुई धरून. मी तांब्यावर ताटली झाकली आणि तुमच्यामागची स्पिरिटची बाटली ओढून बोळा तिच्यात बुडवला. मनाशी म्हटलं, दवाखान्यात यानंच पुसतात, पाण्यापेक्षा स्वच्छच की. दुसरं पान त्यावर गेलं, तिसरंही. पुसलं की पोराला पुढं ढकलायची, वाळायला कुठला वेळ.

आता तुम्हाला खरं सांगते. ते अर्धा तांब्या पाणी मी त्या बाईला दिलं नाही. तिच्या पोराला दिलं असतं तर निदान तेवढं पुण्य पदरात पडलं असतं. तो सोमवार होता आणि अकरा दिवस माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. दुपारी तुम्ही बाभळीखाली पडला होतात तेव्हा पालाच्या मागं जाऊन मी पूजा केली आणि लिंग त्या पाण्यानं धुतलं. मन इतकं निवलं माझं. तुम्ही स्वतः तर त्या उन्हाळ्यात नुसत्या भस्मावर पूजा करत होतात. अव्वानं टोकलं तेव्हा म्हणाला होतात, "शिवाला तहान लागत न्हाई, लेकराला लागती." मी ते कानांनी ऐकलं होतं, पण माझं मन ते घ्यायला तयार नव्हतं. मला वाटायचं, अप्पा सरकारी माणूस, त्यांचं चालतं. नेम मोडला तर तो माझा मोडेल.

आठव्या दिवशी मोठे साहेब जीपनं तपासायला आले. मी नाव वाचायची, पोर पुढं येऊन दंड दाखवायचं. पहिलं पान झालं, एकूण एक उठलेली, भरदार फोड. तुम्ही खुशीत होतात, शेवटच्या पोराच्या गालाला हात लावलात. दुसरं पान काढलं. पहिल्या पोराचा दंड कोरा. दुसऱ्याचा कोरा. पुढं पुढं मला नावं वाचवेनात. तिसऱ्या पानाच्या शेवटापर्यंत कुठं तरी एखादी उठलेली, बाकी सगळे कोरे. साहेब म्हणाले, "ऊन चढलं तसा तुमचा बर्फ गेला. थर्मासचं झाकण बघितलं होतं का? तीस वर्षांची नोकरी झाली ना तुमची?" लोकांच्या देखत. तुम्ही माझ्या हातातलं रजिस्टर घेतलंत. पहिलं पान बघितलंत, दुसरं बघितलंत, पुन्हा पहिलं उलटून बघितलंत. किती वेळ ते कोण जाणे. मग माझ्याकडं न बघता ते मिटलंत आणि म्हणालात, "चूक माझी हाय साहेब. हात थकलाय. मी पुन्यांदा टोचतो सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी नवीन बर्फ, नवीन कुपी. पाण्याचा तांब्या या खेपेला तुम्ही घरून आणलात, आपल्या पिण्याच्या हंड्यातला. मी बोळा घ्यायला गेले तर म्हणालात, "तू नुसती नावं लिही. दंड मी पुसतो." एका हातानं पुसायचं, दुसऱ्यानं टोचायचं, पाठीला बाक आलेला, बांधावर नुसतं ऊन. सगळ्या उठल्या, अप्पा. एकही कोरा राहिला नाही. मधल्या आठ दिवसांत कुणा लेकराला काही झालं नाही, ही शिवाचीच कृपा, माझी काही पुण्याई नव्हे. पण तुमच्या नोकरीच्या पुस्तकात त्याची नोंद झाली, हलगर्जीपणा म्हणून. सहा महिन्यांनी तुम्ही पेन्शनीत निघालात तेव्हा सुयांची डबी मोजून परत केलीत आणि पुन्हा हातात धरली नाहीत. शेजारची बाळंतीण पोर घेऊन आली, "डॉक्टर, तुमच्याच हातची देवी काढा," म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, "हात गेला माझा. दवाखान्यात जा." जावई जेवायला आले तेव्हाही तेच. हे म्हणाले, "मामा, भाकरी मोडण्यापुरता हाय ना हात? मग झालं तर." तुम्ही हसलात. मी आमटी वाढत होते, आणखी एक पळी वाढली आणि आत गेले. पुढं दोन उन्हाळे तुम्ही ओट्यावर बसून काढलेत. देशातनं देवी गेली असं पेपरात आलं तेव्हा तुम्ही नव्हतात. मी तो पेपर अव्वाला वाचून दाखवला, ती म्हणाली, "ऐकायला थांबायचं होतं यांनी."

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की बर्फच गेला असेल. साहेब शिकलेले, ते खोटं कशाला बोलतील? पण पान पालटलं तिथंच देवी उठायच्या थांबल्या, हे मी स्वतःच्या अक्षरात बघितलं होतं. ऊन काय पान बघून चढतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी तिकडं बघितलं नाही एवढंच. लेकीनं त्या दिवशी टेबल पुसता पुसता तो आडोसा काढून घेतला, आणि तिला बिचारीला पत्ताही नाही.

आज सकाळी मी तिला कार्ड टाकलं. ‘पहिलं पान वाचलं. तिसरं वाक्य काढून टाक. आजोबांचा हात गेला नव्हता, शेवटपर्यंत चांगला होता.’ एवढंच लिहिलं. कार्डावर निम्मी जागा उरली होती. तिथं मी कारण लिहायला पाहिजे होतं, आणि लिहिलं काय, तर तुझी सर्दी कशी आहे, दही रात्रीचं खाऊ नकोस. ती तुमची नात आहे, तेवढ्यावर गप्प बसणार नाही. हात चांगला होता तर मग त्या लेकरांच्या देवी का उठल्या नाहीत, हे विचारणारच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, मला माहीत आहे. पण एक विचारल्याशिवाय मला पुढचं कार्ड लिहिता येत नाही. तीस वर्षं सुईच्या दिव्यात स्पिरिट ओतणारा माणूस. बाटली निम्म्यावर आली होती, माझ्या हातांना वास होता, पोरांच्या दंडांना वास होता, तुम्ही त्यांच्यावर वाकून टोचत होतात. सकाळपासून उन्हात दमलात म्हणून खरंच आला नाही का तुम्हाला तो वास? का रजिस्टर उलटून बघितलंत तेव्हा कळलं, आणि लेक परक्या घरी दिलेली म्हणून तिच्यावरचं आपल्या हातावर घेतलंत? कळलं नसेल, आणि ते दोन उन्हाळे तुम्ही आपल्या चांगल्या हाताला दोष देत काढले असतील, तर मी सगळं लिहीन, तिला छापायचं असेल तर छापू दे. पण तुम्ही जाणून झाकलं असेल, तर तुमचं झाकलेलं तुम्हाला विचारल्याशिवाय मी उघडणार नाही. वास आला होता का नव्हता? एका शब्दात चालेल. उलट टपाली कळवा.